पावसानं डोळे वटारले, याला इंग्रजीत काय म्हणायचं?

जुलै सरत आला होता आणि शिवारातलं सोयाबीन माना टाकायला लागलं होतं. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर 'पर्सनिफिकेशन' हा शब्द लिहून त्याची इंग्रजीतली व्याख्या उतरवून देत होतो. पोरं मुकाट्यानं लिहून घेत होती. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरचा एक मुलगा बाहेरचं कोरडं आभाळ बघत शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "औंदा पावसानं लईच डोळे वटारलेत बघ."

मी खडू खाली ठेवला. ज्या गोष्टीची व्याख्या मी पंधरा मिनिटं लिहून देत होतो, ती त्यानं एका वाक्यात करून दाखवली होती, आणि आपण काही केलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. पावसाला डोळे कुठले? रागावून डोळे वटारतो तो माणूस. माणसाचं वागणं निर्जीव गोष्टीला दिलं की मराठीत त्याला चेतनगुणोक्ती म्हणतात आणि इंग्रजीत पर्सनिफिकेशन. त्या दिवशी व्याख्या तिथंच थांबवली आणि पोरांना म्हटलं, घरी, रानात, पारावर पावसाबद्दल लोक जे बोलतात ते आठवून सांगा. दहा मिनिटांत फळा भरला. पावसानं दगा दिला, पावसानं तोंड फिरवलं, पिकानं माना टाकल्या. दुष्काळी भागातल्या पोरांकडं पावसाला माणूस करणारी वाक्यं इतकी आहेत की पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांची गरजच पडली नाही.

अंबाजोगाई-परळीच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं सहावी ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी सहावी-सातवीत अलंकार आणि व्याकरणाच्या संज्ञा सुरू झाल्या की पोरं दबकतात, आणि घरचे म्हणतात, "आमचं काय, आमची इंग्रजी कच्ची, आम्ही काय सांगणार?" हा लेख त्या आईबापांसाठी आणि नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकमित्रांसाठी आहे. माझं म्हणणं असं की संज्ञा इंग्रजी असली तरी तिच्यामागची गोष्ट बहुतेक वेळा पोराच्या बोलण्यात आधीपासून असते, ती तिथूनच उचलावी. आणि जिथं इंग्रजी खरोखर आपल्यापेक्षा वेगळी वळते, तिथं ते वळण झाकून न ठेवता त्यावर बोट ठेवावं.

सुरुवात उपमेपासून करू. इंग्रजीत तिला सिमिली म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'सारखा'. मराठी व्याकरणात उपमेचे चार भाग शिकवतात, आणि ते इंग्रजीच्या तासाला फार उपयोगी पडतात. ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, दोघांत जे सारखं आहे तो साधारण धर्म, आणि 'सारखा', 'प्रमाणे', 'परी' हे साम्यवाचक शब्द. 'आजीचे केस कापसासारखे पांढरे आहेत' या वाक्यात केस उपमेय, कापूस उपमान, पांढरेपणा साधारण धर्म. इंग्रजीत तेच 'हर हेअर इज ॲज व्हाइट ॲज कॉटन'. पुस्तकांतून बहुतेकदा 'ॲज व्हाइट ॲज स्नो' असं उदाहरण असतं. आमच्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो फक्त रसवंतीच्या गाडीवर, आणि तो पांढरा असण्यापेक्षा गार असतो. कापूस मात्र त्यांनी वेचलेला आहे. उपमान ओळखीचं असलं तरच उपमा डोळ्यांपुढं उभी राहते, म्हणून मी पहिलं उदाहरण नेहमी कापसाचं देतो आणि बर्फाचं मागून.

इथं दोन चुका हमखास होतात. 'लाइक' दिसलं की पोरं डोळे झाकून सिमिली लिहितात. 'आय लाइक मँगोज' या वाक्यात 'लाइक' म्हणजे आवडणं. ते क्रियापद आहे, तिथं तुलना कसलीच नाही. दुसरी चूक जरा बारीक आहे. 'द केन इज टॉलर दॅन माय फादर', म्हणजे ऊस माझ्या बापापेक्षा उंच आहे, हे नुसतं मोजमाप झालं. फूटपट्टी लावली तर खरंखोटं ठरवता येईल. त्याला व्याकरणात कंपॅरेटिव्ह डिग्री म्हणतात. 'माझा भाऊ वडिलांसारखा उंच आहे' हीसुद्धा साधी तुलनाच, कारण दोघंही माणसं आणि दोघांची उंची खरीच. अलंकार व्हायला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र याव्या लागतात. ऊस रांगेत उभ्या पोलिसासारखा दिसतो असं म्हटलं तर ती उपमा, कारण ऊस आणि पोलीस यांचं नातं फक्त बोलणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

'सारखा' हा शब्द काढून टाकला आणि दोन गोष्टी एकच केल्या की रूपक होतं. इंग्रजीत मेटाफर. हा शब्द ग्रीकातून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'पलीकडं वाहून नेणं'. एका गोष्टीचा अर्थ उचलून दुसरीवर नेऊन ठेवायचा. 'त्याचं बोलणं विषासारखं आहे' ही सिमिली, 'त्याचं बोलणं म्हणजे विष' हा मेटाफर. पोरांना हा फरक एका मिनिटात कळतो. अवघड वाटतं ते लांबलेलं रूपक, ज्याला एक्स्टेंडेड मेटाफर म्हणतात. ते शिकवायला मला पैठणच्या एकनाथांचं विंचवाचं भारूड फार उपयोगी पडतं. सप्ताहात, यात्रेत ते पोरांनी ऐकलेलं असतं. विंचू चावला, अंगाला घाम सुटला, उतारा हवा. पण तो विंचू म्हणजे काम-क्रोध आणि उतारा म्हणजे सत्त्वगुणाचा अंगारा, हे पोरांना कीर्तनकारानं आधीच सांगितलेलं असतं. एकच रूपक अख्ख्या रचनेभर धरून ठेवायचं आणि त्याचे सगळे धागे जुळवत न्यायचे, याचं याहून जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "सर, म्हणजे नाथांनी मेटाफर लिहिला का?" मी म्हटलं, नाथांनी रूपक लिहिलं, इंग्रज त्याला मेटाफर म्हणतात.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मराठीतल्या आणि इंग्रजीतल्या संज्ञा एकास एक जुळत नाहीत. आपल्याकडं 'जणू' आलं की उत्प्रेक्षा हा वेगळा अलंकार मानतात. शाळेतल्या इंग्रजीत 'ॲज इफ' आणि 'ॲज दो' ही वाक्यंही सिमिलीतच धरतात. आपलं कपाट तीन खणांचं आणि त्यांचं दोन खणांचं, सामान तेच. मराठीच्या पेपरात उत्प्रेक्षा लिहिणारं पोर इंग्रजीच्या पेपरात अडखळलं तर ते चुकत नसतं, दोन कपाटांत घोटाळत असतं.

हायपर्बली म्हणजे अतिशयोक्ती. स्पेलिंगवरून सगळे 'हायपरबोल' वाचतात, पण उच्चारात शेवटी 'ली' येतं. पोटात कावळे ओरडायलेत, आभाळ फाटलंय, उन्हानं मेंदू वितळायलाय. एवढं पुरे.

आता नादाकडं वळू, कारण इथं आपल्या पोरांकडं एक मोठं हत्यार आहे आणि ते कुणी वापरत नाही. ते हत्यार म्हणजे देवनागरी.

अलिटरेशन म्हणजे अनुप्रास. जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीला एकच व्यंजनध्वनी पुन्हा पुन्हा येणं. लक्षात घ्यायचं ते हे की पुन्हा यायला हवा तो ध्वनी, अक्षर नव्हे. 'कॅट' आणि 'सिटी' दोन्ही इंग्रजीत 'सी' या अक्षरानं सुरू होतात, पण कानाला एक 'क' आहे आणि दुसरा 'स'. उलट 'फोन' आणि 'फिश' यांची पहिली अक्षरं वेगळी, पण ध्वनी एकच. 'नाइफ' हा शब्द 'के'नं सुरू होतो आणि तो 'के' उच्चारातच नाही. इंग्रजी वाचणारं मूल डोळ्यानं फसतं. मी पोरांना सांगतो, शंका आली की तो शब्द वहीच्या कोपऱ्यात देवनागरीत लिहा. देवनागरीत जसं बोलायचं जवळपास तसंच लिहायचं, त्यामुळं अनुप्रास लगेच उघडा पडतो. यमकालाही हेच लागू. 'कम' आणि 'होम' इंग्रजीत शेवटी अगदी सारखे दिसतात, देवनागरीत लिहिले की जुळत नाहीत हे कळतं.

याच युक्तीनं 'अ' आणि 'ॲन' यांचाही घोळ मिटतो. नियम सांगतात की ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांच्या आधी 'ॲन' लावा. नियम असा सांगणं हीच चूक आहे. 'ॲन अवर' म्हणतात, कारण 'अवर'मधला 'एच' मुका आहे आणि शब्द 'अ' या स्वरानं सुरू होतो. 'अ युनिव्हर्सिटी' म्हणतात, कारण तो शब्द 'य'नं सुरू होतो आणि 'य' हे व्यंजन. 'ॲन एमएलए' का? 'एम'चा उच्चार 'ए'पासून सुरू होतो म्हणून. देवनागरीत लिहा, पहिलं अक्षर बाराखडीच्या आधीचं, म्हणजे स्वर असेल तर 'ॲन', नाहीतर 'अ'. सहावीच्या वर्गात हे एकदा सांगितलं की वर्षभर पुन्हा सांगावं लागत नाही.

ओनोमॅटोपिया हा शब्द ऐकूनच पोरं हसतात. ग्रीकात त्याचा अर्थ 'नाव घडवणं', आवाजावरून नाव. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. टपटप, खळखळ, धो धो, कडकड, रिमझिम, भुरभुर. पावसाच्या प्रत्येक तऱ्हेला आपल्याकडं वेगळा आवाज आहे. इंग्रजीत 'बझ', 'हिस', 'स्प्लॅश' असे शब्द आहेत. गंमत म्हणजे कोंबडा तोच, पण तो मराठीत कुकूच कू करतो आणि इंग्रजीत कॉक-अ-डूडल-डू. म्हणजे हे शब्द आवाजाची हुबेहूब नक्कल नसतात, प्रत्येक भाषा आपल्या कानानं तो आवाज ऐकते. हे कळलं की पोरं स्वतःच नवे शब्द करायला लागतात.

हे सगळं एकत्र कसं येतं ते एका कडव्यात दाखवतो. वर्गासाठी मीच जुळवलेलं आहे, म्हणून साधं आहे.

द डे इज ड्राय, द रोड इज लाँग,
द बुलक हम्स अ हाफ-हर्ड साँग;
द वेल इज अ माउथ विथ नथिंग टु से,
द क्लाउड वॉक्स पास्ट अँड गोज अवे.

दिवस कोरडा, वाट लांब. बैल अर्धवट ऐकू येणारं गाणं गुणगुणतोय. विहीर म्हणजे बोलायला काहीच न उरलेलं तोंड. ढग जवळून चालत जातो आणि निघून जातो.

ओळींचे शेवट बघा. लाँग-साँग जुळतात, से-अवे जुळतात. पहिल्या जोडीला 'ए', दुसरीला 'बी' नाव द्यायचं, म्हणून या कडव्याची राइम स्कीम 'ए ए बी बी'. दहावीत कवितेच्या रसग्रहणाच्या प्रश्नात हेच विचारतात. 'हम्स, हाफ, हर्ड' इथं 'ह' तीनदा आला, तो अनुप्रास. बैल गाणं म्हणतो, ढग चालतो, दोन्ही पर्सनिफिकेशन. विहीर म्हणजे तोंड, तो मेटाफर.

पण एवढ्यावर थांबलं तर मुलानं नुसती नावं चिकटवली. मी पुढं एक प्रश्न विचारतो, विहिरीला तोंडच का म्हटलं, खड्डा का नाही? एका मुलानं सांगितलं, "सर, तोंड कोरडं पडलं की बोलता येत नाही ना." दुसरा म्हणाला, "भांडण झाल्यावर आजा असाच गप बसतो." आणि तो 'ह'? तो मोठ्यानं म्हणून बघा, प्रत्येक 'ह'ला श्वास बाहेर पडतो, दमलेल्या जनावरासारखा. अलंकाराचं नाव ओळखण्याला मार्क मिळतात, पण तो तिथं कशाला आलाय हे सांगता आलं तरच कविता कळली. व्याख्या पाठ असलेली आणि हा दुसरा प्रश्न कधीच न ऐकलेली मुलं मी आठवीत आलेली पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता व्याकरण. इथं गोष्ट थोडी उलटते. अलंकारात दोन भाषा बहिणी वाटतात, व्याकरणात त्यांचे रस्ते फुटतात.

शब्दांच्या जाती घ्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. इंग्रजीतही आठच. हा योगायोग वाटतो, पण दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. त्यामुळं संज्ञा जुळतात, आणि संज्ञा जुळतात म्हणून आपल्याला वाटतं की भाषाही जुळते. ती जुळत नाही.

फळ्यावर मी चार वाक्यं लिहितो. रामानं वाघाला मारलं. वाघाला रामानं मारलं. दोन्हींत मेला तो वाघच. आता इंग्रजी. 'राम किल्ड द टायगर' आणि 'द टायगर किल्ड राम'. शब्द तेच, जागा बदलली आणि राम मेला. वर्ग एकदम जागा होतो. मराठीत कोण मारणारा आणि कोण मरणारा हे 'नं' आणि 'ला' हे प्रत्यय सांगतात, म्हणून शब्द कुठंही बसवा. इंग्रजीत हे काम जागा करते. क्रियापदाच्या आधी बसेल तो करणारा, नंतर बसेल तो सोसणारा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही विभक्तीचे प्रत्यय होते, ते हळूहळू झडून गेले आणि त्यांचं काम शब्दक्रमावर पडलं. त्यांची खूण सर्वनामांत अजून शिल्लक आहे. 'ही' म्हणजे तो, 'हिम' म्हणजे त्याला. 'आय' म्हणजे मी आणि 'मी' म्हणजे मला. या शेवटच्या जोडीनं पोरं फार गोंधळतात, कारण आपला 'मी' आणि त्यांचा 'मी' उलटेच.

जागेला इतकं महत्त्व असल्यामुळं इंग्रजीत शब्दाची जातही जागेवरून ठरते. 'वॉटर' म्हणजे पाणी, नाम. पण 'वी वॉटर द प्लांट्स' यात तेच क्रियापद झालं, आम्ही झाडांना पाणी घालतो. मराठीत 'आम्ही झाडांना पाणतो' असं होत नाही, 'घालतो' लागतंच. म्हणून 'वॉटर ही कोणती जात?' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या वाक्यातलं वॉटर, ते आधी सांगा.

प्रिपोझिशनच्या नावातच त्याची जागा आहे. लॅटिनमध्ये 'प्रे' म्हणजे आधी आणि पुढच्या भागाचा अर्थ ठेवणं, म्हणजे आधी ठेवलेला शब्द. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागं चिकटतं, झाडाखाली, घरासमोर, पुलावर. इंग्रजीत ते नामाच्या पुढं आणि सुटं, 'अंडर द ट्री', 'ऑन द ब्रिज'. पोरांना मी सांगतो, आपली शेपटी त्यांचं शिंग.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो व्हॉइसचा, आणि यावर मी जरा थांबणार आहे. 'रामानं आंबा खाल्ला' हे मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग. का? तर क्रियापद कर्माच्या मागं जातं. आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, फळ खाल्लं. खाणारी सीता असो की राम, क्रियापदाला त्याचं काही नाही. आता 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' असं वर्गात सांगितलं जातं. मलाही शाळेत असंच सांगितलं होतं. मग हुशार पोरगा काय करतो? रामानं आंबा खाल्ला हे कर्मणी, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, म्हणून 'मँगो वॉज ईटन बाय राम' लिहितो. किंवा 'नं' म्हणजे 'बाय' समजून 'राम बाय ईट मँगो' असंही लिहितो. त्याचा तर्क बरोबर आहे, त्याला दिलेलं वाक्य चुकीचं होतं. 'रामानं आंबा खाल्ला' याचं सरळ इंग्रजी 'राम एट द मँगो', आणि ते ॲक्टिव्ह आहे. इंग्रजीचा 'एट' आंबा असो की कैरी, बदलत नाही. पॅसिव्हच्या जवळचं मराठी म्हणजे 'आंबा रामाकडून खाल्ला गेला', जे आपण बोलण्यात क्वचितच वापरतो.

मग पॅसिव्ह हवाच कशाला? करणारा माहीत नसतो किंवा त्याचं नाव घेण्यासारखं नसतं तेव्हा. आमच्या शाळेमागं एक जुनी विहीर आहे. 'द वेल वॉज डग इन नाइन्टीन सेव्हन्टी टू', १९७२च्या दुष्काळात खोदली गेली. कुणी खोदली? गावातल्या शेकडो बाया-माणसांनी, दुष्काळी कामावर, ज्यांची यादी कुणाकडं नाही. विहीर पुढं आली आणि माणसं वाक्याबाहेर राहिली. पॅसिव्ह काय करतो हे पोरांना या विहिरीवरून कळतं. एका मुलानं 'बाय माय ग्रँडमदर' असं पुढं जोडलं होतं. व्याकरण अगदी बरोबर.

काळाच्या बाबतीत मात्र आपली बोली मदतीला धावून येते. 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यातला फरक शहरी पुस्तकी मराठीतून समजावताना 'जातो' आणि 'जात आहे' असं सांगतात. आमची पोरं 'जात आहे' बोलतच नाहीत. ती म्हणतात 'जायलो'. काय करायलास? जेवायलो. माय भाकरी करायली. लातूर, धाराशिवकडं 'करू लालो', 'जाऊ लाली' म्हणतात. हे 'करायलो' म्हणजे नेमकं इंग्रजीचं 'आयएनजी', आत्ता चालू असलेलं काम. 'मी शाळेत जातो' हे रोजचं, 'आय गो टु स्कूल'. 'मी शाळेत जायलो' हे या घडीचं, 'आय ॲम गोइंग टु स्कूल'. दोन वाक्यं, वर्ग समजून मोकळा. आणि याच पोरांना 'करायलो असं बोलू नको, अशुद्ध आहे' म्हणून गप्प केलं जातं, तेव्हा आपण त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतो. त्यांनी प्रमाण मराठी शिकावी, जरूर शिकावी, पण ही किल्ली टाकून देऊन नव्हे.

अर्थात प्रत्येक कुलपाला ती लागत नाही. 'मला सगळं कळायलंय' हे आपल्याकडं बरोबर, पण इंग्रजीत 'आय अंडरस्टँड' म्हणतात, 'आय ॲम अंडरस्टँडिंग' सहसा नाही. कळणं, माहीत असणं, हवं असणं अशा मनातल्या स्थितींना इंग्रजी बहुधा 'आयएनजी' लावत नाही. आणि 'मी तीन वर्षांपासून इथं राहतो' याचं शब्दशः 'आय लिव्ह हिअर फ्रॉम थ्री इयर्स' होतं, जे चुकतं. आपला 'पासून' दोन कामं करतो, सोमवारपासून आणि तीन दिवसांपासून. इंग्रजीनं ती वाटून दिली आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स मंडे', किती वेळ ते सांगायचं तर 'फॉर थ्री डेज'. शिवाय तेव्हा सुरू झालेलं अजून चालू आहे हे क्रियापदातही दाखवावं लागतं, 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स'.

प्रश्न विचारतानाचा 'डू' आणि 'डझ'. आपला 'का' वाक्याच्या शेवटी, त्यांचा 'डू' सुरुवातीला. 'शी गोज' यात 'गो'ला लागलेला ध्वनी प्रश्न करताना 'डझ'कडं जातो, 'डझ शी गो?' वर्गात कंदील एकच आहे असं समजा. 'डझ'नं उचलला की 'गो' अंधारात. 'डझ शी गोज' लिहिणाऱ्याला मी एवढंच म्हणतो, "कंदील किती?" तो स्वतःच खोडतो.

आमच्या भागातली बरीच घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही पोरं गावातच वसतिगृहात किंवा आजीकडं राहतात, काही आईबापासोबत फडावर जातात. मागं सातवीतली एक मुलगी अशीच मार्चअखेर वर्गात परत आली. चार महिन्यांचे धडे बुडालेले. मी तिला म्हटलं, धडे नंतर बघू, तिकडं जे पाहिलंस त्यावर इंग्रजीत एक ओळ लिही. तिनं बराच वेळ घेतला. वहीत लिहिलं होतं, 'द बुलक कार्ट स्लीप्स अंडर द मून.'

मी त्या ओळीखाली रेघ मारून विचारलं, याला काय म्हणायचं? "पर्सनिफिकेशन," ती म्हणाली, "गाडी झोपत नसती ना." मग तिलाच शंका आली. "सर, गाडी झोपती का झोपायलीय? 'स्लीप्स' लिहू का 'इज स्लीपिंग'?"

"दोन्ही चालतात," मी म्हटलं. "तुला रोजचं सांगायचंय का त्या एका रात्रीचं?"

ती थोडा वेळ वहीकडं बघत राहिली. "त्या रात्रीचं," म्हणाली, आणि खोडरबर मागायला शेजारणीकडं वळली.